लाल-पिवळा-निळा हेच मूळ रंग?

"लाल, पिवळा, निळा हे तीनच मूळ रंग, यातून जगातला कुठलाही रंग बनतो" हे आपण सगळेच शाळेच्या चित्रकलेच्या वहीपासून ऐकत आलोय. पूर्ण खोटं नाहीये, पण अर्धंच आहे.

मोबाईलवर पिवळा फोटो लावा, स्क्रीनवर पाण्याचा बारीकसा थेंब टाका (खरंच बारीक हां) आणि त्यातून बघा, थेंब भिंगासारखं काम करतो, तर आत पिवळा ठिपका कुठेच नाही, नुसते लाल आणि हिरवे! प्रकाशात लाल + हिरवा = पिवळा. तिथले मूळ रंग लाल, हिरवा, निळा, तिन्ही मिळून पांढरा.

रंगाच्या डबीत उलटं, कारण रंग प्रकाश देत नाही, खातो. पिवळा रंग निळा प्रकाश खातो, फिरोजी रंग लाल खातो, दोन्ही मिसळले की उरतो हिरवा. म्हणून प्रिंटरच्या कार्ट्रिज बघा, फिरोजी, राणी, पिवळा आणि काळा, लाल-निळा साध्या प्रिंटरमध्ये नसतोच. लाल आणि निळा पोस्टर कलर मिसळून जांभळा करायला गेलो की तो मळकट का होतो तेही यातच आलं, दोघं मिळून जवळजवळ सगळाच प्रकाश खाऊन टाकतात. राणी कलरमध्ये थोडा निळा घालून बघा, मस्त जांभळा येतो.