फूड, गुड, ब्लड: इंग्रजी यमक शब्दांच्या तक्त्यामागचा इतिहास

जून उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत 'ऱ्हायमिंग वर्ड्‌स'चा तक्ताही खपतो. शब्द, चित्र, मराठी अर्थ. कॅट म्हणजे मांजर, रॅट म्हणजे उंदीर, मॅट म्हणजे चटई. वरच्या रांगांना कुणाचीच हरकत नसते. गडबड होते ती स्पेलिंगच्या शेवटावरून लावलेल्या रांगांत. शेवटी 'डबल ओ, डी' असलेले शब्द घ्या: फूड (अन्न), मूड (मनःस्थिती), गुड (चांगला), स्टुड (उभा राहिला), ब्लड (रक्त), फ्लड (पूर). स्पेलिंगचा शेवट एक, उच्चार तीन.

या सहाही शब्दांचा स्वर जुन्या इंग्रजीत खरोखर एकच होता. सगळ्यांत लांब 'ओ' होता, आपल्या 'ओठ'मधला. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक करून जागा सोडून वर सरकले आणि हा 'ओ' 'ऊ' झाला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९०९ मध्ये या घडामोडीला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असे नाव दिले. फूड आणि मूड तिथेच थांबले. ब्लड आणि फ्लड यांचा 'ऊ' मात्र लवकर आखूड होऊन 'उ' झाला आणि सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये 'उ'चा 'अ' होऊ लागला, त्या लाटेत सापडला. गुड आणि स्टुड यांचा 'ऊ' आखूड झाला तोवर ती लाट ओसरली होती, म्हणून ते 'उ'वरच राहिले. उत्तर इंग्लंडपर्यंत ही लाट पोचलीच नाही. तिथे आजही 'कप'ला 'कुप'च्या जवळ जाणारा उच्चार ऐकू येतो.

स्पेलिंग या स्वरांच्या मागून का गेले नाही? विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हा स्वर अजून सरकतच होते. छापील स्पेलिंग हळूहळू घट्ट झाले, बोलणे पुढे गेले. म्हणून इंग्रजी स्पेलिंग हे बऱ्याच अंशी जुन्या उच्चाराचे दप्तर आहे. 'मीट' म्हणजे भेटणे यात डबल ई आणि 'मीट' म्हणजे मांस यात ई-ए, कारण हे दोन उच्चार एकेकाळी वेगळे होते. ई-ए वाले बहुतेक शब्द पुढे 'ई'ला येऊन मिळाले, पण ग्रेट, ब्रेक आणि स्टेक मागेच राहिले. त्यामुळे 'स्पीक' आणि 'ब्रेक' यांचे स्पेलिंग कितीही सारखे दिसले तरी त्यांची जोडी होत नाही.

काही शब्दांत दोष उच्चाराचा नाही, लेखणीचा आहे. लव्ह, सन (मुलगा), कम यांत मुळात 'उ' होता. हाताने लिहिण्याच्या काळात यू, एन, एम, व्ही ही अक्षरे सारख्याच उभ्या दांड्यांची असत. ती शेजारी आली की कुठली दांडी कुणाची हे कळेना, म्हणून लेखनिक 'यू'ऐवजी 'ओ' लिहू लागले. मोडी वाचणाऱ्याला हे लगेच पटेल. पेशवे दप्तरातला कागद हातात घेतला की ऱ्हस्व-दीर्घ संदर्भानेच लावून घ्यावे लागते. परिणाम असा की लव्ह (प्रेम), मूव्ह (हलणे) आणि रोव्ह (भटकणे) एकाच शेवटाचे दिसतात आणि तिन्ही वेगळे ऐकू येतात. अशा जोडीला इंग्रजीत डोळ्यांचे यमक म्हणतात.

यमकही इंग्रजीच्या घरचे नव्हे. जुनी इंग्रजी कविता मुख्यतः शब्दांच्या सुरुवातीचे ध्वनी जुळवत असे, आपल्या अनुप्रासासारखे. ओळीच्या शेवटी जुळवणी करण्याची रीत १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचच्या संगतीने रुजली. इंग्रजी कवी चौसर चौदाव्या शतकात 'शोधणे' आणि 'आजारी' या अर्थांचे, त्या वेळी सारखेच ऐकू येणारे दोन शब्द बेधडक जोडतो. ध्वनी तोच आणि अर्थ वेगळा, म्हणजे संस्कृत अलंकारशास्त्रातले यमकच. आजच्या इंग्रजी कानाला ही जोडी लंगडी वाटते. त्याचा नियम असा: ज्या स्वरावर आघात आहे तिथपासून शेवटपर्यंत सगळे सारखे हवे, पण त्याच्या आधीचे व्यंजन वेगळे हवे. म्हणून 'सी' (पाहणे) आणि 'सी' (समुद्र) ही समोच्चारी शब्दांची जोडी झाली, यमकाची नव्हे. तक्त्यात दोन्ही प्रकार सर्रास एकत्र असतात.

आघाताचा मुद्दा मराठी कानाला लवकर उमगत नाही, कारण आपल्याकडे आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. किंग, रिंग, विंग हे ठीक. त्याच रांगेत 'मॉर्निंग' घालता येत नाही, कारण त्यातला जोर 'मॉर'वर आहे. त्याला जोडी हवी तर 'वॉर्निंग'.

अर्थासकट शब्द शेवटावरून लावायची कल्पनाही जुनी आहे. पीटर लेव्हिन्सचा इंग्रजी-लॅटिन कोश १५७० चा. त्यात इंग्रजी शब्द शेवटच्या ध्वनीनुसार गटांत आहेत आणि पुढे लॅटिन अर्थ. जॉन वॉकरने १७७५ मध्ये अख्खा कोश शब्दांच्या शेवटच्या अक्षरापासून उलटा लावला. पुण्याच्या शास्त्रीमंडळींना यात काही नवल वाटले नसते. अमरकोश या संस्कृत कोशातला नानार्थवर्ग, म्हणजे अनेक अर्थांच्या शब्दांचा भाग, कान्त, खान्त, गान्त अशा अंत्य व्यंजनांच्या क्रमानेच जातो. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश मात्र एबीसीडीच्या क्रमाने आहे, त्यामुळे त्यात ब्लड एका टोकाला आणि फ्लड दुसरीकडे.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले आणि यमक-जोड्या घराघरांत पोचल्या. शब्दाखाली देवनागरीत उच्चार देणारी गाइडेही आलीच. देवनागरीने पुष्कळ काम सोपे केले. 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर दाखवायला ॲ आणि ऑ आहेत, आणि २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेतही घेतले. पण 'ए'ला आपल्याकडे एकच चिन्ह आहे, इंग्रजीत त्या जागी दोन स्वर आहेत. 'गेट' म्हणजे मिळणे, 'गेट' म्हणजे फाटक. 'लेट' म्हणजे करू देणे, 'लेट' म्हणजे उशिरा. 'पेन' लिहायचे आणि 'पेन' दुखण्याचे. प्रत्येक जोडीत पहिला स्वर आखूड आहे, दुसरा लांब आणि शेवटी 'इ'कडे झुकणारा. देवनागरीत दोन्ही एकच झाले, म्हणजे स्पेलिंगने जे खोटे यमक केले नव्हते ते आपण लिपीने केले. 'वेस्ट'ची कथा तर तिहेरी: पश्चिम, बनियन आणि वाया घालवणे. इथे 'व'नेही हात दिला, कारण इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू आपल्या एकाच अक्षरात बसतात.

दुसरी खोच ऱ्हस्व-दीर्घाची. अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार आपण लांबवतो: गूळ, फूल, तीळ, नीट. नियम लेखनाचा म्हणून शिकवला जातो, पण सवय जिभेची आहे. तीच इंग्रजी शब्दांना लागते. 'फुल' (भरलेले) आणि 'फूल' (मूर्ख), 'पुल' (ओढणे) आणि 'पूल' (तलाव), 'फिट' आणि 'फीट' एकसारखे निघतात. मग 'पुल' 'स्कूल'च्या रांगेत जाऊन बसतो. नुसते लांबी-आखूड सांगून हे पुरते सुटत नाही. 'फीट'ला जीभ अधिक वर आणि पुढे ताणलेली असते, 'फिट'ला ती सैल असते.

तक्ता घरी करायचा असेल तर क्रम उलटा ठेवावा. आधी ध्वनी ठरवायचा, मग त्याचे पाच-सहा शब्द गोळा करायचे, स्पेलिंग शेवटी लिहायचे. 'आइट'च्या गटात लाइट (उजेड), राइट (बरोबर), काइट (पतंग), व्हाइट (पांढरा), बाइट (चावणे) आणि हाइट (उंची) येतात, आणि लाइट, राइट आणि हाइट यांतले जी-एच हे जुन्या, 'ख'सारख्या उच्चाराचे उरलेले खुंट आहेत, हे सांगता येते. जर्मन 'नाख्ट' म्हणजे रात्र, त्यात तो अजून ऐकू येतो. समोच्चारी शब्दांना वेगळा रकाना द्यावा. अर्थ एकाच शब्दात न देता छोट्या वाक्यात द्यावा, नाहीतर 'राइट' म्हणजे बरोबर, उजवा की हक्क हे मुलाला कळत नाही. गट पाडताना शब्द मोठ्याने म्हणणारा एक आणि डोळे मिटून ऐकणारा एक, एवढी दोन माणसे पुरतात.

इंग्लंड-अमेरिकेचा फरकही लक्षात ठेवावा. दक्षिण इंग्लंडमध्ये क्लास, पास, ग्लास यांचा स्वर लांबला आणि पुण्याने तोच उचलला. म्हणून इथे 'क्लास'ला 'गॅस' जुळत नाही. अमेरिकेत 'क्लॅस' आणि 'गॅस' सरळ जुळतात, आणि मोबाइलवरची बालगीते बरीचशी तिकडच्या उच्चारातली असतात. एबीसीडीचे प्रसिद्ध गाणे १८३५ मध्ये बॉस्टनमध्ये छापले गेले. त्याच्या ओळी जी, पी, व्ही आणि 'झी'वर थांबतात. पुण्यात ती शेवटची ओळ 'झेड'वर संपते.