चॅट आणि चॅनेल: ड्रॉइंग नक्की कुठं टाकायचं?

मशिन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, ड्रॉइंग काढणारा खानापुरात घरी, खरेदी आणि हिशेब पुण्यात, तपासणीवाला कधी हत्तरगीला तर कधी गिऱ्हाइकाकडं. बेळगाव भागात अशा विखुरलेल्या टीमचं आता कुणाला नवल वाटत नाही. कंपनीनं मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ऑफिसातल्या बोलण्याचं अ‍ॅप घेतलेलं असतं, ते सगळ्यांच्या फोनवरही असतं, आणि तरीही दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, ‘नवीन ड्रॉइंग कुठं आहे?’ त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘ग्रुपवर टाकलंय की!’

कुठल्या ग्रुपवर? टीम्समध्ये ग्रुप चॅट असतं आणि चॅनेलही असतं. लोक दोन्हींना ‘ग्रुप’च म्हणतात आणि बोट पडेल तिथं फाइल सोडतात. सगळा घोळ इथून सुरू होतो.

ग्रुप चॅट समजावायची गरज नाही. तो आपला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपच आहे. चार माणसं निवडायची, नाव द्यायचं आणि बोलायला लागायचं. एका चॅटमध्ये २५० माणसं मावतात. चॅनेल मात्र माणसं निवडून बनत नाही. आधी ‘टीम’ बनते आणि तिच्या आत कामाप्रमाणे चॅनेल निघतात. टीममध्ये आलेल्या माणसाला तिथली सगळी साधी चॅनेल पहिल्या दिवसापासूनच्या मजकुरासकट दिसतात. नावावरून व्हॉट्सअ‍ॅपचं चॅनेल आठवत असेल तर ते विसरा. तिथं एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. इथं सगळेच बोलतात.

भर म्हणून टीम्सच्या नव्या मांडणीत चॅट आणि चॅनेल एकाच यादीत खाली-वर दिसतात. ही मांडणी कुणाला सोयीची वाटते कोण जाणे. सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स अँड चॅनेल्स’ उघडून ‘सेपरेट’ निवडलं की पूर्वीसारखे दोन वेगळे कप्पे होतात. नवीन माणसाच्या लॅपटॉपवर हे पहिल्याच दिवशी करून द्यावं, निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

उरलेला निम्मा फाइलींचा आहे, आणि खरी ठेच तिथंच लागते.

ग्रुप चॅटमध्ये फाइल टाकली की ती चॅटमध्ये राहते असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. ती तिथं राहत नाही. ज्यानं टाकली त्याच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या खात्याच्या ऑनलाइन कपाटात, ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स चॅट फाइल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ती जाऊन बसते, आणि चॅटमध्ये दिसतो तो फक्त तिकडं जाणारा दुवा. त्या माणसानं एखाद्या रविवारी वनड्राइव्ह साफ करताना ते फोल्डर रिकामं केलं की चॅटमधले सगळे दुवे एकदम मेले. कुणाला ती फाइल उघडू द्यायची हेही त्याच्याच हातात. तो रजेवर असेल तर नव्या माणसानं परवानगी मागत बसायचं.

चॅनेलमध्ये टाकलेली फाइल टीमच्या शेअरपॉइंट साइटवर, म्हणजे सगळ्या टीमच्या सामायिक ऑनलाइन कपाटात, त्या चॅनेलच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाते. ती कुणा एकाच्या खात्यात नसते. टाकणारा रजेवर गेला, नोकरी सोडली, पासवर्ड विसरला, तरी फाइल जागेवर असते.

खरा फटका माणूस कंपनी सोडतो तेव्हा बसतो. त्याचं खातं काढून टाकलं की त्याचं वनड्राइव्ह सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे ३० दिवस राहतं. अ‍ॅडमिन ही मुदत वाढवू शकतो, पण लहान कारखान्यात अ‍ॅडमिन म्हणजे बहुतेक वेळा बाहेरचा कंत्राटी माणूस. त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. त्यानंतर काही आठवडे ते रिसायकल बिनमध्ये असतं, पण तिथून फक्त अ‍ॅडमिनच बाहेर काढू शकतो, तोही कुणाच्या लक्षात आलं तर. लक्षात येतं ते सहा महिन्यांनी, गिऱ्हाइकाची तीच ऑर्डर परत येते तेव्हा. चॅट उघडतं, ‘फायनल ड्रॉइंग, सर, बघितलासा काय?’ हा मेसेजही जसाच्या तसा दिसतो, आणि खालच्या दुव्यावर टिचकी मारली की फाइल सापडत नाही.

म्हणून टाकण्याआधी एवढंच विचारा: मी उद्या ही नोकरी सोडली तर ही फाइल कुणाला लागेल का? लागणार असेल तर चॅनेल. ‘आत्ता घाईत चॅटवर टाकतो, नंतर चॅनेलवर ठेवतो’ हे चालणार नाही, कारण ते नंतर कधीच होत नाही.

आता फाइल चॅनेलमध्ये कशी टाकायची तेही नीट बघू, कारण चॅनेल वापरूनही घोळ घालणारे आहेत. ड्रॉइंग_नवीन, ड्रॉइंग_नवीन२, ड्रॉइंग_फायनल_खरं. अशा नावांनी चॅनेलचं फोल्डर भरवू नये. कारखान्यात बघायच्या पीडीएफचं नाव एकच ठेवा, पार्ट नंबर आणि भागाचं नाव, बस्स. नवी रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची सुधारलेली आवृत्ती, आली की त्याच नावानं अपलोड करा. टीम्स विचारेल की दोन्ही ठेवू का, तेव्हा ‘रिप्लेस’ म्हणा. जुनी फाइल जात नाही, शेअरपॉइंटच्या व्हर्जन हिस्टरीत ती तारखेसकट राहते. दुवाही तोच राहतो. मशिनजवळच्या माणसानं एकदा सेव्ह केलेला दुवा उघडला की त्याला कायम चालू रिव्हिजनच दिसते. कॅडची, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरची, मूळ फाइल मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये रिव्हिजनच्या अक्षरासकट ठेवावी, तिचा हिशेब वेगळा. आणि कारखान्यात पीडीएफच द्या. मशिनजवळ उभं राहून फोनवर कॅडची डीडब्ल्यूजी फाइल उघडत बसायला कुणाला वेळ आहे?

फाइलीबरोबर पोस्टही लिहायची. चॅनेलमध्ये ‘स्टार्ट अ पोस्ट’ दाबलं की विषयाची ओळ भरता येते. ती मोकळी सोडू नका. पोस्ट साधारण अशी असावी:

विषय: ४१२७ पंप केसिंग, रिव्हिजन सी
बदल: फ्लँजच्या तोंडावर मशिनिंग अलाउन्स २ मिमीऐवजी ३ मिमी. बाकी सगळं रिव्हिजन बीप्रमाणे.
कुणी काय करायचं: पॅटर्न दुरुस्त होईपर्यंत ओतकाम थांबवा. बीप्रमाणे ओतलेले नग वेगळे काढून मोजून सांगा.
उत्तर: उद्या सकाळी ११ पर्यंत, इथंच खाली.

पुढं मोल्डिंग शॉपवाला ‘१८ नग निघाले’ म्हणतो, तपासणीवाला म्हणतो, ‘त्यातले मोजून बघतो, तोंड साफ निघतंय का बघू’, आणि पुण्याची खरेदी विचारते, पॅटर्नवाल्याला बिल कुठल्या ऑर्डरवर लावायचं. हे सगळं त्या पोस्टच्या खाली ‘रिप्लाय’मध्येच यायला हवं. रिप्लाय न दाबता खाली नवीच पोस्ट टाकणं हा आपल्याकडचा जुना आजार आहे. व्हॉट्सअ‍ॅपची सवय, खालची मोकळी पट्टी दिसली की लिहायला लागायचं. मग ‘ओके सर’ नावाच्या नऊ पोस्ट तयार होतात आणि कुठलं ओके कशाला होतं ते देवालाही कळत नाही. ‘ओके’साठी अंगठ्याची खूण आहे, ती दाबावी.

विजेच्या भरवशावर काम करणाऱ्यांना हा फरक जास्त लागतो. पावसाळ्यात खानापूर तालुक्यात दुपारी वीज गेली, पाठोपाठ टॉवरही गेला, की माणूस थेट संध्याकाळीच परत जोडला जातो. चॅट उघडावं तर शेदीडशे मेसेज, त्यात चहाच्या वेळा, ‘गाडी कुठं पोचली’, दोन फोटो आणि मध्येच कुठंतरी रिव्हिजनचा निर्णय. हे वरून खाली वाचत बसावं लागतं. चॅनेलमध्ये विषयाच्या ओळी चाळून आपल्या कामाच्या दोन-तीन पोस्ट उघडल्या की झालं. सुट्ट्यांचंही असंच. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सवाची सुट्टी असते आणि पुण्याचं ऑफिस चालू असतं. त्या दिवशी पुण्यातून बेळगावच्या माणसाला चॅटवर टाकलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी पार वर गेलेला असतो. पोस्ट असेल तर ती उत्तराची वाट बघत आपल्या जागी उभी असते.

सूचनांचा फरक मात्र थोडक्यात. चॅटमधला प्रत्येक मेसेज फोन वाजवतो. चॅनेलमध्ये सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्या पोस्टला कुणी उत्तर दिलं तरच वाजतो. ‘चॅनेलवर टाकलं तर कुणी बघत नाही’ ही तक्रार इथून येते, आणि ती खरी आहे. त्यावरचा इलाज म्हणजे ज्याच्याकडून काम हवं त्याचं नाव @ लावून लिहिणं. दर पोस्टला सगळ्या टीमला @ लावणं हा इलाज नाही. तसं केलं की तिसऱ्या दिवशी सगळे जण टीम्सचा आवाज बंद करतात, आणि खरोखर भट्टीपाशी गडबड होते तेव्हा कुणालाच कळत नाही.

‘पण चॅटवर कुणी बघितलं ते डोळ्याच्या खुणेवरून कळतं’ असाही एक युक्तिवाद असतो. ती खूण २० माणसांपर्यंतच्या चॅटमध्येच दिसते आणि चॅनेलमध्ये नसतेच, हे खरं. पण बघितलं म्हणजे केलं असं कुठं असतं? ‘११ पर्यंत इथंच उत्तर’ ही ओळ त्या डोळ्यापेक्षा कितीतरी कामाची.

चॅनेल किती काढावीत यावर मतं वेगवेगळी आहेत. आमचं मत: गिऱ्हाइकागणिक एक, डिस्पॅचचं एक, देखभालीचं एक, पुरे. ऑर्डरगणिक चॅनेल काढलं की महिन्याभरात यादी मारुतीच्या शेपटीएवढी होते आणि लोक परत चॅटकडं पळतात. ‘जनरल’मध्ये सुट्ट्या आणि सूचना सोडून काही टाकू नये. कुलूपवालं, म्हणजे प्रायव्हेट चॅनेल दर आणि पगाराच्या बोलण्यापुरतंच ठेवा. त्याची शेअरपॉइंट साइटही वेगळी निघते आणि मग ‘फाइल दिसत नाही’चे फोन सुरू होतात.

भाषेवरून वाद घालू नये. टीममध्ये मराठी, कन्नड, हिंदी सगळे असतात आणि मजकूर ज्याला जसा सुचेल तसा लिहू द्यावा. पण विषयाच्या ओळीत पार्ट नंबर हवाच. शोधताना ‘केसिंग’ कुणी देवनागरीत लिहिलेलं असतं, कुणी रोमनमध्ये, कुणी कन्नडमध्ये, आणि शोधपट्टीला हे तिन्ही एकच आहेत हे कळत नाही. ४१२७ सगळीकडं ४१२७च, फक्त आकडेही सगळ्यांनी एकाच लिपीत लिहायचे.

चॅटचं काम आहेच. ‘आहेस काय? फोन करू?’, गेटवर गाडी आलीय, एखाद्याला चारचौघांत न बोलता चूक दाखवायची आहे, हे सगळं चॅटवरच शोभतं. फक्त नुसतं ‘हॅलो सर’ टाकून गप्प बसू नये. समोरचा माणूस अर्ध्या तासानं ‘बोला’ म्हणतो, तोवर तुम्ही जेवायला गेलेले असता. पहिल्याच मेसेजात काम लिहा.

टीम्सऐवजी स्लॅक हे तसंच दुसरं अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी एवढंच की फाइलींचा हा सापळा तिथं नाही. तिथं फाइल वर्कस्पेसमध्येच राहते आणि टाकणाऱ्याचं खातं बंद झालं तरी जात नाही. ग्रुप मेसेज ९ माणसांपुरताच असतो आणि त्याचं प्रायव्हेट चॅनेलमध्ये रूपांतर करता येतं. फुकटातल्या स्लॅकवर मात्र ९० दिवसांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा ड्रॉइंगच्या इतिहासासाठी ते धरू नका.

मीटिंगच्या रेकॉर्डिंगला वरचाच नियम लागतो. चॅनेलमधून ठेवलेल्या मीटिंगचं रेकॉर्डिंग चॅनेलच्या फाइलींत जातं, बाकी मीटिंगचं कुणातरी माणसाच्या वनड्राइव्हमध्ये. दोन्हीकडं मुदत असते, सुरुवातीच्या सेटिंगप्रमाणे १२० दिवस. गिऱ्हाइकानं तोंडी मान्य केलेला बदल त्यात असेल तर मुदत काढून टाका, किंवा सरळ दोन ओळींत पोस्ट लिहा.

जुनं चॅट आधीच भरलेलं असेल तर सगळं हलवायच्या फंदात पडू नका. चॅटच्या वरच्या ‘शेअर्ड’ किंवा ‘फाइल्स’ टॅबमध्ये जा. चालू ऑर्डरींची ड्रॉइंगं आणि तपासणीचे रिपोर्ट डाउनलोड करून चॅनेलमध्ये नव्यानं चढवा. नुसता दुवा चिकटवू नका, तो परत त्याच वनड्राइव्हकडं नेतो. नोटिसवर असलेल्या माणसाच्या फाइली आधी घ्या. मग चॅटचं नाव बदलून ‘फक्त निरोप’ करा आणि पुढच्या वेळी कुणी तिथं ड्रॉइंग टाकलं की उत्तरात चॅनेलच्या पोस्टचा दुवा द्या.