मुलाने काय शिकायचं, हे मुलाला कधी विचारलं गेलं?

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांत आता टॅब दिसतात, स्मार्ट टीव्ही दिसतात आणि 'प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकेल' हे वाक्य शिक्षकांच्या प्रशिक्षणात सर्रास कानावर पडतं. त्यामुळे मुलाला निवड मिळाली ती यंत्रामुळे, असा समज होतो. मला तो चुकीचा वाटतो. निवड आधी आली, अडचणीपोटी आली. यंत्र बरंच मागून आलं.

इथल्या मुलाला सगळ्यात आधी नाकारली गेली ती भाषा. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. १९१८ साली हैदराबादेत निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवायचं. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा सुरू झाली, स्वामी रामानंद तीर्थ पुढे तिचे मुख्याध्यापक झाले, त्या धडपडीमागे हीही एक सल होती. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा गावात पोचली, पण वर्ग तोच राहिला: एक फळा, एक पाठ, सगळ्यांना एकच वेग. तांड्यावरचं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं पोर त्यात पहिल्याच दिवशी मागे पडायचं.

मुलानं साधन आपल्या हातानं निवडावं, हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो बोर्डी-कोसबाडला प्रत्यक्षात आणून दाखवला होता. पण तो बालवाडीपुरताच मानला गेला. पहिलीत आलं की मूल रांगेत बसायचं. तंत्रज्ञानानेही ही रांग मोडली नाही. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी स्थापन झाली. तिचे कार्यक्रम चांगले होते, पण दूरदर्शनवर सगळ्यांनी एकाच वेळी एकच बघायचं. ज्याला कळलं नाही त्याच्यासाठी ते थांबत नसत.

रांग मोडायला भाग पाडलं ते कोयत्यानं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहं निघाली तरी कित्येक लेकरं आईबापांबरोबर जातातच. परतलेल्या मुलाला वर्ग कुठल्या पानापासून शिकवणार? त्यात शाळा द्विशिक्षकी, चार इयत्ता दोघांत वाटलेल्या. एका इयत्तेला शिकवताना उरलेल्या इयत्तेनं स्वतःचं स्वतः काहीतरी करायलाच हवं. पुष्कळ शिक्षकांनी शब्दपट्ट्या, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे केले ते या गरजेतून.

कायद्याचं पाठबळ नंतर मिळालं. १ एप्रिल २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं कृतीतून आणि शोधातून शिकणं, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकणं मान्य केलं. त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एका परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची प्रगती बघत राहणं, आलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधले, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातले, ज्ञानरचनावादी (मूल स्वतः करून ज्ञान घडवतं असं मानणारे) वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि २२ जून २०१५च्या शासन निर्णयानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. मराठवाड्यात फरशीवर आकृत्या रंगल्या, भिंतींना मुलांच्या उंचीचे तळफळे आले. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. फळा गुरुजींचा होता, तळफळा मुलाचा झाला.

डिजिटल शाळांची लाट याच सुमाराची. दुष्काळ सोसणाऱ्या गावांनीही लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर आणले. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे मूल हवा तो पाठ हवा तितक्यांदा ऐकू लागलं. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हे कोड वर्गात आणले होते. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच साली कोरोनात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत धडे मोबाइलवर आले. घरात मोबाइल एकच, तो सकाळी बापाबरोबर शेतात जायचा.

आजचं एक दृश्य सांगतो. बीड जिल्ह्यातली एक शाळा, एप्रिलचा पहिला आठवडा. फडावरून परतलेला चौथीतला मुलगा टॅब हातात घेतो. पडद्यावर येतं, 'इयत्ता निवडा'. त्याला वाचायला दुसरीचं लागतं. शेजारी दोघं वाकून बघतायत. तो 'चौथी' दाबतो, दोन ओळी अडखळतो आणि टॅब खाली ठेवतो. मग कोपऱ्यातल्या डब्यातून काड्यांचा गठ्ठा काढून दशक बांधायला बसतो. काड्यांवर इयत्ता लिहिलेली नसते.

बाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅबमधल्या वाचनाच्या गोष्टी वेगळ्या काढून तीन फोल्डरमध्ये टाकल्या आणि त्यांना नावं दिली: लाल, पिवळा, हिरवा. मुलगा 'पिवळा' उघडून बसला. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी त्याची गोष्ट संपली नव्हती.