उपक्रम आणि प्रकल्प : सत्राखेरीच्या कामातील दोन वेगळ्या गोष्टी

प्रथम सत्र संपत आले, हळव्या भाताची कापणी सुरू झाली, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील माध्यमिक शाळांच्या स्टाफरूममध्ये वह्यांचे दोन गठ्ठे साचू लागतात. एकावर ‘उपक्रम’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘प्रकल्प’. दोन्ही गठ्ठे सोडून पाहिले, तर पुष्कळदा आत सारखाच ऐवज निघतो: दुकानातून आणलेल्या चित्रतक्त्यांची कात्रणे, त्यांखाली पुस्तकातून उतरवलेल्या चार ओळी आणि कडेने स्केचपेनची नक्षी. मुलांनी त्यासाठी रात्री जागवलेल्या असतात, पालकांनी पदरचे पैसे घातलेले असतात, त्यामुळे हा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. या दोन शब्दांत फरक काय, हे आम्ही शिक्षकांनीच त्यांना नीट सांगितलेले नसते. मी स्वतः नोकरीची पहिली कित्येक वर्षे दोन्ही वह्यांकडे एकाच नजरेने पाहत होतो आणि अक्षर, मांडणी, टापटीप एवढ्यावरच गुण देत होतो.

मूल्यमापनाच्या नियमांत मात्र हा गोंधळ नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या पारखीची, आठ साधने सांगण्यात आली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि आठवे ‘इतर’, ज्यात प्रश्नावली, स्वयंमूल्यमापन, सहाध्यायी मूल्यमापन अशा गोष्टी येतात. या यादीत उपक्रम हा ‘कृती’च्या शेजारी बसवला आहे आणि प्रकल्पाला त्याची स्वतंत्र जागा दिली आहे. सातवी-आठवीत आकारिक मूल्यमापनाला ४० आणि संकलित, म्हणजे सत्राखेरीच्या, मूल्यमापनाला ६० असा भार ठरला, म्हणजे ही दोन साधने निकालात चांगलीच जागा व्यापतात. नववी-दहावीला गुणांचे गणित बदलते, पण पाठाखालच्या स्वाध्यायाच्या शेवटी कधी ‘उपक्रम’ तर कधी ‘प्रकल्प’ हे शीर्षक तेथेही भेटतच राहते.

शब्दांच्या अर्थाकडे पाहिले तरी वाट बरीच मोकळी होते. ‘उपक्रम’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ आरंभ असा आहे. शास्त्रग्रंथांचे तात्पर्य ठरवताना आरंभाला उपक्रम आणि शेवटाला उपसंहार म्हणतात, हे संस्कृत घेतलेल्या विद्यार्थ्यांना कधी ना कधी कळतेच. शाळेतील उपक्रमही असाच हात घालण्याचा, सुरुवात करून देण्याचा भाग आहे: मूल काहीतरी करते, त्यातून त्याला अनुभव येतो, आणि तो अनुभव हेच त्या कामाचे फळ असते. ‘प्रकल्प’ या शब्दाला कोकणात वेगळे वजन आहे. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयना जलविद्युत प्रकल्पाचे वीजगृह आहे, आणि ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द तर येथील अनेक घरांत आजोबांच्या पिढीपासून ऐकू येतो. त्या मोठ्या प्रकल्पांकडे पाहिले तरी काय दिसते? कशासाठी करायचे ते आधी ठरलेले असते, पाहणी होते, आराखडा होतो, मुदत असते, खर्चाचा हिशेब असतो आणि अखेरीस हेतू साधला की नाही याची तपासणी होते. शाळेच्या प्रकल्पात धरणाएवढे काही नसले, तरी हे टप्पे तेच असतात.

शिक्षणशास्त्रात प्रकल्प पद्धतीची मांडणी अमेरिकेतील विल्यम हर्ड किलपॅट्रिक यांनी १९१८ साली केली आणि तिचे चार टप्पे सांगितले: हेतू ठरवणे, योजना आखणे, ती पार पाडणे आणि झालेल्या कामाची पारख करणे. आपल्या डी.एड., बी.एड.च्या वर्गांत हे चार टप्पे पाठ करून घेतले जातात. त्यांतील पहिला टप्पा, म्हणजे हेतू, मुलाचा स्वतःचा असावा हे किलपॅट्रिक यांचे मुख्य म्हणणे होते, आणि सत्राच्या शेवटच्या आठवड्यात फळ्यावर विषयांची यादी लिहून हजेरी क्रमांकाप्रमाणे वाटून देताना आपण नेमके तेच गाळतो.

आता एकाच गोष्टीतून दोन्ही कसे निघतात ते पाहू. कोकणातील शाळांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे वनराई बंधारा. पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, तोंडे शिवून, ती पोती पऱ्याच्या किंवा व्हाळाच्या, म्हणजे लहान ओढ्याच्या, पात्रात सांधेमोड करून (सांध्यावर सांधा येऊ न देता) रचतात आणि वाहून जाणारे पाणी अडवतात. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतो, कारण जांभा दगड सच्छिद्र आहे आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचा उतार तीव्र आहे. पडलेले पाणी फार काळ थांबत नाही. हे कारण मुलांना समजावून, पोती भरून, रांगेत उभे राहून हातोहात पुढे देत नववीच्या वर्गाने एका दिवसात बंधारा घातला, तर तो उत्तम उपक्रम झाला. श्रमाची सवय लागली, एकमेकांना सांभाळून काम करणे जमले, पाणी अडताना डोळ्यांनी पाहिले. शिक्षकाने त्या दिवशी काय नोंदवावे? कोणी पुढाकार घेतला, कोणी रचना सुचवली, एरवी वर्गात गप्प बसणारा कोणता मुलगा पात्रात उतरून पोती बसवत होता. ही वर्णनात्मक नोंद झाली की उपक्रमाचे मूल्यमापन पुरे झाले. त्यावर मुलांकडून वीस पाने लिहून घेण्याची काहीच गरज नाही.

तोच बंधारा घालायचे ठरत असताना एखाद्या मुलीने विचारले, की सर, याने आमच्या विहिरीचे पाणी खरेच वाढेल का, तर त्या क्षणी प्रकल्पाला तोंड फुटते. आता पोती पुरत नाहीत. बंधाऱ्याच्या जवळची एक विहीर निवडावी लागते. तेवढ्याने भागत नाही, कारण पाऊस थांबल्यावर सगळ्याच विहिरी उतरतात, आणि एकच विहीर मोजली तर बंधाऱ्यामुळे काय झाले व ऋतूमुळे काय झाले हे वेगळे करता येत नाही. म्हणून बंधारा नसलेल्या दुसऱ्या पऱ्याकाठची, शक्यतो तितक्याच खोलीची विहीरही मोजावी लागते. गाठी मारलेल्या दोरीला वजन बांधून, कठड्यावर एक कायमची खूण करून, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यायचे, तेही सकाळी पंप सुरू होण्याआधी, दर आठवड्याला त्याच वारी. मोजणी बंधारा घालण्याच्या तीन-चार आठवडे आधी सुरू झालेली हवी, नाहीतर आधीची स्थिती कळणारच नाही. मग दोन्ही विहिरींचे आलेख एका कागदावर काढायचे, त्यांच्यातील फरक वाचायचा आणि जे दिसते तेवढेच लिहायचे. असे काम एका दिवसात होत नाही, एका रविवारच्या जागरणात तर नाहीच नाही.

म्हणजे बंधारा घालणे हा उपक्रम आणि बंधाऱ्याचा विहिरीवर होणारा परिणाम शोधणे हा प्रकल्प. विषय एक, गाव एक, मुलेही तीच. पण उपक्रमात काय करायचे ते आधी माहीत असते, आणि प्रकल्पात काय निघेल ते शेवटपर्यंत माहीत नसते. माझ्या मते दोघांना ओळखण्याची सर्वांत भरवशाची कसोटी हीच आहे. ज्या प्रकल्पाचा निष्कर्ष विषय ठरवतानाच लिहिता येतो, तो प्रकल्प नव्हे, मग त्याची वही कितीही जाड असो.

किनाऱ्यावरच्या शाळांसाठी याहून सुंदर उदाहरण भरतीचे आहे. आपल्याकडील जुन्या जाणत्यांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा किंवा अमावास्या उलटली की पुन्हा एकपासून मोजायचे. हा हिशेब वर्गात सांगणे, भरती-ओहोटीची आकृती काढून घेणे, मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून अशा आणखी रीती गोळा करणे, हे सारे उपक्रम आहेत आणि करण्याजोगे आहेत. त्यातून घराघरांतील ज्ञानाला शाळेत मान मिळतो, जे मला पाठ्यपुस्तकातील धड्याइतकेच मोलाचे वाटते.

प्रकल्प तेव्हा होईल, जेव्हा मुले तो हिशेब तपासायला धक्क्यावर जातील. धक्क्याच्या खांबावर रंगाने खुणा करायच्या, भरतीच्या अंदाजे वेळेच्या आधी तासभर व नंतर तासभर दर १५ मिनिटांनी पाणी कोठवर आले ते लिहायचे आणि असे सलग पंधरा तिथी करायचे. तिथीची पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटे. प्रत्यक्षात पंधरा तिथींत भरतीची वेळ १२ तास पुढे सरकते, म्हणजे सरासरीने तिथीमागे ४८ मिनिटे. तीन मिनिटांचा हा फरक एका दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही, पण पंधरवड्याअखेर तो पाऊण तासाचा होतो. शिवाय समुद्राचे पाणी खाडीत आत चढायला वेळ लागतो, त्यामुळे खाडीच्या मुखाशी असलेल्या गावाची भरती आणि आत दूरवर असलेल्या बंदराची भरती एकाच वेळी येत नाही. या गोष्टी मुलांना आधी सांगून टाकू नयेत. आपल्या नोंदी आणि आजोबांचा हिशेब जुळत नाहीत हे पाहून त्यांनी स्वतःच कारण शोधायला निघावे, आणि सामान्य वापरासाठी एवढा सोपा हिशेब इतका जवळ कसा येतो याचे त्यांना नवलही वाटावे. पाण्याच्या काठावरचे काम असल्याने मोठे माणूस सोबत हवेच, आणि पंचांगातील तिथी दिवसाच्या कोणत्या वेळी बदलते हेही मुलांना शिकून घ्यावे लागेल. तेवढ्यासाठी गणिताच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांनी एकत्र बसावे.

प्रकल्पाच्या नावाखाली जमा होणाऱ्या इतर काही गोष्टींचाही येथे निकाल लावला पाहिजे. पानांचा, शिंपल्यांचा, जुन्या नाण्यांचा संग्रह किंवा कात्रणवही हा उपक्रम आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलची पवनचक्की केली तर ती प्रतिकृती आहे. पाती वेगवेगळ्या कोनांत बसवून कोणत्या कोनात ती जास्त फिरते हे मोजले, तरच ती प्रकल्पाकडे वळते. कातळशिल्पे पाहायला उक्षी किंवा देवाचे गोठणे येथे जाणे, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे जाताना पाहणे, ही क्षेत्रभेट. दहावीच्या भूगोलाचे पुस्तक क्षेत्रभेटीच्या पाठानेच सुरू होते, आणि त्या भेटीआधी प्रश्नावली तयार करणे व नंतर अहवाल लिहिणे अपेक्षित असते, त्यामुळे ती प्रकल्पाची नातेवाईक वाटते. ती प्रकल्पाचा एक टप्पा होऊ शकते. एकटी भेट मात्र उपक्रमातच मोजावी.

गुण देतानाही दोन वेगळे डोळे हवेत. उपक्रमात सहभाग, कौशल्य आणि सहकार्य पाहायचे, आणि तेही काम चालू असतानाच, कारण उपक्रम संपला की पाहण्याजोगे मागे फार थोडे उरते. प्रकल्पात प्रश्नाची निवड, नियोजन, माहिती मिळवण्याची रीत, नोंदींचा प्रामाणिकपणा, निष्कर्ष आणि शेवटी मुलाशी तोंडी बोलणे असे टप्प्याटप्प्याने गुण विभागावे लागतात. तोंडी बोलणे मी कधीच वगळत नाही. ‘हा आकडा कोठून आला?’ एवढा एकच प्रश्न विचारला, की वही कोणी केली ते पाच मिनिटांत कळते, आणि ज्याने खरोखर मोजले आहे त्याचे तोंड असे उजळते की त्याला पुढे काही विचारावे लागत नाही. बंधाऱ्याने विहिरीत काहीच फरक पडला नाही असा निष्कर्ष नीट नोंदींसह आला, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. मुलांना ही खात्री आधीपासून दिली नाही, तर ती आपल्याला बरे वाटावे म्हणून आकडे फिरवतील, आणि ते पाप आपल्या माथी येईल.

यातून सत्राचे नियोजन बदलते. उपक्रम सत्रभर, महिन्याला एखादा, लावणी, गणपतीची सुट्टी आणि कापणी यांच्या फटींत बसतात. प्रकल्प मात्र एका विद्यार्थ्याला किंवा गटाला सत्राला एकच पुरे, आणि त्याचा प्रश्न जून-जुलैत किंवा दिवाळीनंतर शाळा उघडताच ठरलेला हवा, म्हणजे सत्राखेरीस वही करण्याऐवजी झालेले काम मांडता येईल. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक गटाला वर्गासमोर दहा मिनिटे द्यावीत, विहीर ज्यांच्या अंगणात आहे त्या काकांना बोलवावे, धक्क्यावरच्या मच्छीमारांना बोलवावे. त्यांचे प्रश्न परीक्षकाच्या प्रश्नांहून नेमके असतात.

नोंदवही मुलांनी घरी नेऊ नये, ती शाळेच्या कपाटात राहावी. पुढच्या ऑक्टोबरात नवा नववीचा वर्ग पऱ्यावर जाईल तेव्हा ती वही आणि ती गाठी मारलेली दोरी त्याच्या हाती एकत्रच द्यावी, कारण मागच्या वर्षीच्या नोंदींशिवाय यंदा पाणी चढले की उतरले हे त्या मुलांना ठरवता येणार नाही.