स्वयंपाकघरातला ‘धा’ उशिरा का येतो?

क्रिकेटचा सामना चालू असला की आमच्या इमारतीत भविष्य सांगणारे फार होतात. खालच्या मजल्यावर डिश अँटेना आहे आणि आमच्याकडे इंटरनेटवरून येणारं प्रक्षेपण. खालून ‘आऊट!’ असा कल्ला होतो तेव्हा आमच्या पडद्यावरचा गोलंदाज अजून चेंडू पँटला घासत असतो.

रेडिओचं असं नव्हतं. लहानपणी सकाळी दूध आणायला निघालं की गल्लीतल्या पहिल्या घरात अभंगाची ओळ सुरू व्हायची आणि शेवटच्या घरापर्यंत चालत गेलं तरी ती तुटायची नाही. दहा घरं, दहा रेडिओ, त्यातले दोन कायम घरघरणारे, पण सगळे एकाच अक्षरावर. यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. मागच्या महिन्यात मी हॉल आणि स्वयंपाकघर अशा दोन ठिकाणी स्पीकर मांडून एकच गाणं वाजवायला बसलो, तेव्हा त्या गल्लीची किंमत कळली.

मांडणी साधी होती. कपाटात एक रास्पबेरी पाय, म्हणजे पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक, आणि त्याला जुन्या सीडींवरून उतरवलेल्या गाण्यांची हार्ड डिस्क. दोन्ही खोल्यांत आणखी एकेक तसाच छोटा संगणक, त्याला स्पीकर. मधे वायफाय. दोन्हीकडे एकाच वेळी बटण दाबलं. हॉलमध्ये तबल्याचा ‘धा’ पडला आणि स्वयंपाकघरातून त्याच्या मागोमाग दुसरा ‘धा’ आला, शिकाऊ विद्यार्थी गुरुजींच्या मागे वाजवतो तसा. पुन्हा पुन्हा दाबून कसंबसं जुळवलं. बडा ख्याल संपून द्रुत सुरू झाली तोवर दोघं पुन्हा फाटले होते! हे दुसरं फाटणं मला जास्त खटकलं. सुरुवात जुळली होती, मग मधेच काय झालं?

आधी रेडिओ. मनोऱ्यावरून निघालेली लहर सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाते. २०० मीटरची गल्ली ओलांडायला तिला एक मायक्रोसेकंदही लागत नाही, आणि जुना रेडिओ काही साठवून ठेवत नाही. आलं की वाजवलं. कुणीही कुणाशी जुळवून घ्यायची गरजच नव्हती.

सीडीच्या दर्जाचं संगीत म्हणजे आकड्यांची रांग. डाव्या-उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० नमुने (नमुना म्हणजे त्या क्षणी आवाजाची लाट किती वर-खाली आहे याचं माप), प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे २ बाइटांचा. (हा ४४,१०० आकडा विचित्र वाटतो ना? सुरुवातीला डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या एका रेषेत ३ नमुने, अशा २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून बघा. १९८२ साली सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन.) हे सगळं न दाबता पाठवलं तर सेकंदाला १,७६,४०० बाइट होतात. नेटवर्क ते अखंड धारेने नेत नाही, दीड-दीड हजार बाइटांची पुडकी बांधून नेतं. सेकंदाला साधारण १२० पुडकी. कुठलं ३ मिलिसेकंदांत पोचतं, कुठलं ८०.

म्हणून प्रत्येक स्पीकरपाशी एक बफर असतो. गच्चीवरची टाकीच म्हणा. नगरपालिकेचं पाणी येवो-जावो, खालचा नळ एकसारखा चालतो. पण कुठली टाकी किती भरल्यावर नळ सोडायचा, हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. दोन टाक्या, दोन नळ, दोन वेगळ्या वेळा. सामन्यातला आमचा उशीरही असाच, टाक्यांच्या रांगेतून येणारा.

सुरुवात जुळवायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक पुडक्यावर वेळ लिहायची: ‘हा तुकडा अमुक वाजता वाजव.’ ती वेळ मुद्दाम थोडी पुढची ठेवायची, म्हणजे रेंगाळलेलं पुडकंही तोवर पोचेल. स्नॅपकास्ट नावाची मोफत प्रणाली हेच करते. तिच्यात हा उशीर मुळात १,००० मिलिसेकंदांचा असतो.

पण अमुक वाजता म्हणजे कुणाच्या घड्याळात?

इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे तो लांबेल. ज्यांना फक्त दुरुस्तीत रस आहे त्यांनी दोन-चार परिच्छेद गाळले तरी चालतील.

स्पीकरला कपाटातल्या संगणकाची वेळ हवी आहे. तो विचारतो, ‘किती वाजले?’ उत्तर येतं, पण वाटेत वेळ गेलेला असतो, आणि किती गेला ते ठाऊक नसतं. तेव्हा चार नोंदी ठेवायच्या. समजा स्पीकरच्या घड्याळात १०० झाले असताना प्रश्न निघाला. कपाटाच्या घड्याळात ५,१०३ वाजता पोचला. ५,१०४ ला उत्तर निघालं आणि स्पीकरच्या घड्याळात १०७ झाले असताना परत आलं. सगळे आकडे मिलिसेकंदांत. एकूण ७ गेले, त्यातला १ कपाटाने उत्तर लिहिण्यात घालवला. उरले ६, म्हणजे जाताना ३ आणि येताना ३. निघताना १०० होते, पोचताना स्पीकरच्या घड्याळात १०३ झाले असणार, तेव्हा कपाटात ५,१०३. फरक बरोबर ५,०००. इंटरनेटवरची घड्याळं जुळवण्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी १९८०च्या दशकात जी एनटीपी पद्धत बांधली, तिच्या पोटात हाच हिशेब आहे. तुमच्या मोबाइलची, संगणकाची घड्याळं अशाच हिशेबांवर चालतात.

चाणाक्ष वाचकाने चूक पकडली असेल. जाताना ३ आणि येताना ३ हे आपण गृहीत धरलं. वायफायवर जाताना ५ आणि येताना १ असंही होतं, मग हिशेब २ मिलिसेकंदांनी चुकतो. चूक नेहमी जाण्या-येण्याच्या फरकाच्या निम्मी, आणि ती कधीही एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. म्हणून प्रश्न एकदा न विचारता पुन्हा पुन्हा विचारायचा आणि ज्या फेऱ्या लवकर आटोपल्या त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवायचा. रस्त्यात रेंगाळलेल्या फेरीच्या साक्षीला किंमत नाही.

आता दुसरं फाटणं. इथे मुंबईचा जुना किस्सा कामाला येतो. १९०६ साली भारताची प्रमाणवेळ आली तरी ‘मुंबई टाइम’ पुढे कित्येक दशकं चालू होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. गोंधळ होता, पण सोपा. ३९ मिळवा, मोकळे व्हा. फरक आज ३९ आणि उद्या ४० होत नव्हता. घरातल्या दोन स्पीकरांचा फरक मात्र वाढत जातो, कारण दोघांची घड्याळं वेगवेगळ्या वेगाने चालतात.

या घड्याळांचं काळीज म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक. दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. उलटंही होतं: वीज दिली की तो थरथरतो, आणि त्याची थरथर कमालीची नियमित असते. मनगटी घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो आकडा १५ वेळा निम्मा केला की १ उरतो, म्हणजे सेकंदाचा एक ठोका. स्पीकरजवळचे स्फटिक याहून पुष्कळ वेगाने थरथरतात, पण स्वस्तातल्या दोन स्फटिकांत दहा लाखांत ५० चा फरक सहज असू शकतो. ऐकायला किरकोळ. पण तासाचे ३,६०० सेकंद, त्यात हा फरक १८० मिलिसेकंदांचा होतो. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय धरली तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे तासाभरात आमचं स्वयंपाकघर पाऊण मात्रेच्या आसपास मागे! त्यात तो स्पीकर मी फ्रिजवर ठेवला होता. तापमान बदललं की स्फटिकाची चालही किंचित बदलते.

यावर उपाय गमतीदार आहे. ज्याची चाल मंद, त्याच्या रांगेतून अधूनमधून एखादा नमुना गाळायचा. ज्याची जलद, त्याला एखादा जास्तीचा घालायचा. दहा लाखांत ५० म्हणजे सेकंदाला ४४,१०० पैकी फक्त दोन. एक नमुना २३ मायक्रोसेकंदांचा. कानाला पत्ता लागत नाही. स्नॅपकास्ट बसवल्यावर दोन्ही ‘धा’ एक झाले. ही प्रणाली सहसा ०.२ मिलिसेकंदांच्या आत जुळवून ठेवते.

एवढी काटेकोरी हवी का? दोन खोल्यांसाठी खरं तर नको. हेल्मुट हास यांनी १९४९च्या प्रबंधात दाखवलं की मूळ आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज आपला मेंदू वेगळा मानत नाही, पहिल्यातच मिसळून टाकतो. तसाही आवाजाला ८ मीटर यायला २३ मिलिसेकंद लागतात. घड्याळं कितीही जुळवा, हॉलमध्ये बसलेल्याला स्वयंपाकघर तेवढं मागे ऐकू येणारच. पण तेच दोन स्पीकर एका खोलीत डावा-उजवा म्हणून लावले तर गोष्ट वेगळी. दोन कानांना मिळणाऱ्या आवाजातला मिलिसेकंदाहून कमी फरक धरून आपण दिशा ओळखतो. दोन्ही स्पीकर अर्ध्या मिलिसेकंदाने चुकले तर १,००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार वेळा कंपणारा सूर मरतो, कारण एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली, गाणं डबड्यातून आल्यासारखं वाटतं. जुळवणी तपासायला तानपुरा लावू नका, तो सगळं झाकतो. टाळ किंवा तबला लावा. टणक, तुटक आवाजात दुभंग लगेच उघडा पडतो.

हे सगळं मांडताना दुकानात मला ‘संगीतासाठी खास’ नेटवर्क केबल दाखवण्यात आली. चांदीची तार, बाणाची खूण आणि किंमत आमच्या दोन्ही स्पीकरांहून जास्त. तिने म्हणे स्वर ‘उमलतात’. प्रत्येक पुडक्याच्या शेवटी ३२ बिटांची तपासणीची बेरीज असते. जुळली नाही तर पुडकं टाकून देतात, मग ते पुन्हा मागवलं जातं. पोचलेले आकडे बरोबर असतात किंवा पोचतच नाहीत. ‘थोडा कमी गोड आकडा’ असा प्रकार नाही. केबल बिघडली तर गाणं अडखळेल, गंधार मलूल होणार नाही. याच जातीचा दुसरा माल म्हणजे राउटरवर चिकटवायचं ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर. त्याने लहरी खरंच अडल्या असत्या तर वायफाय बंद पडलं असतं, आणि त्यासाठी राउटरला बटण असतंच. चांगल्या आवाजासाठी पैसे घालायचेच असतील तर स्पीकरमध्ये घाला, आणि उघड्या भिंतीवर जाड पडदा लावा.

आता दुरुस्त्या. मोबाइलवरच्या अ‍ॅपला स्पीकर दिसत नसेल तर बहुधा घरात दोन नेटवर्क असतात. इंटरनेटवाल्याने लावलेला एक राउटर, त्यात आपण जोडलेला दुसरा. अ‍ॅप स्पीकर शोधतं ते चौकात उभं राहून हाक मारल्यासारखं, आणि ती हाक दुसऱ्या राउटरची वेस ओलांडत नाही. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर मोबाइल असला तरी तेच. आमच्याकडे तीन संध्याकाळी यातच गेल्या. दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क न मांडता फक्त वायफाय पुरवणारा म्हणून ठेवला आणि सुटलो. वीज जाऊन आल्यावर स्पीकर हरवत असेल तर त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला घरक्रमांक, राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा.

एकच स्पीकर ठरावीक अंतराने मागे असेल आणि तो ब्लूटूथवरून जोडलेला असेल, तर त्याच्या पोटात आणखी एक लपलेली टाकी आहे, तिचा हिशेब कपाटातल्या संगणकाला कळत नाही. तेवढे मिलिसेकंद हाताने भरावे लागतात, नाहीतर सरळ तार जोडावी. टीव्हीचा आवाज या व्यवस्थेतून काढायच्या फंदात पडू नका. एक सेकंदाचा उशीर म्हणजे वृत्तनिवेदिकेचे ओठ मिटल्यावर बातमी ऐकू येणार.

अडखळण्याचं मुख्य कारण मात्र रेडिओलहरींची गर्दी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११, आणि इमारतीत राउटर तीस. शक्य ते सगळं ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे जागा जास्त, पण काँक्रीटच्या भिंतीत ताकद लवकर संपते. कपाटातल्या मुख्य संगणकाला तर केबलच हवी, साधी, स्वस्तातली. नाहीतर प्रत्येक पुडकं हवेतून दोनदा जातं.

आमचा स्वयंपाकघरातला संगणक जुना, त्याला २.४ शिवाय काही कळत नाही. आणि त्याच्या शेजारी मायक्रोवेव्ह, तोही २.४५ गिगाहर्ट्झचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने घरगुती मायक्रोवेव्ह साधारण १० मिलिसेकंद लहरी सोडतो, १० मिलिसेकंद गप्प बसतो. त्या फटींतून काही पुडकी निसटतात, काही अडकतात. एक सेकंदाची टाकी रिकामी झाली की स्पीकर मुका होतो. पण प्रत्येक पुडक्यावर वेळ लिहिलेली असल्याने उशिरा आलेली पुडकी तो वाजवत बसत नाही, फेकून देतो. दूध गरम झाल्याची घंटी वाजते आणि स्वयंपाकघरातला तबला परत येतो, जिथे थांबला होता तिथून नव्हे, हॉलमध्ये या क्षणी जी मात्रा चालू आहे तिच्यावर.