गेट उशिरा उघडतं ते कसं?

'डिले' म्हटलं की बहुतेकांना प्रतिध्वनी आठवतो. मॉड्युलर सिंथेसायझरमधला (सुटे घटक तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या वाद्यातला) गेट डिले मात्र वेगळाच. तिथे आवाज नाही, आज्ञा उशिरा पोहोचवायची असते. गेट म्हणजे कळ दाबलेली असेपर्यंत टिकणारा व्होल्टेज, समजा ५ व्होल्ट. ट्रिगर म्हणजे जेमतेम काही मिलिसेकंदांचा ठोका.

गेट आधी स्ल्यू लिमिटरमध्ये (व्होल्टेजचे चढउतार संथ करणारा घटक) आणि तिथून कम्परेटरमध्ये (व्होल्टेज ठरलेल्या उंबरठ्यावर गेला की गेट देणारा घटक) द्या. साध्या स्ल्यू लिमिटरच्या पोटात एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. १०० किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरड म्हणजे ०.१ सेकंद. हा कपॅसिटर २.५ व्होल्टपर्यंत भरायला ६९ मिलिसेकंद लागतात. कम्परेटरचा उंबरठा तिथेच ठेवला की नवा गेट तेवढ्या उशिराने सुरू होतो. उतरतानाही ६९च लागतात, म्हणून गेटची लांबी कायम राहते. उंबरठा ४ व्होल्टवर नेला तर चढायला १६१ आणि उतरायला फक्त २२ मिलिसेकंद! म्हणजे गेट १३९ मिलिसेकंदांनी आखूड होतो. ५ मिलिसेकंदांचा ट्रिगर दिलात तर कपॅसिटर पाव व्होल्टही चढत नाही आणि बाहेर काहीच येत नाही. गेट भराभर आले तर कपॅसिटर पुरता रिकामा होत नाही, त्यामुळे पुढचा उशीर कमी भरतो.

अशा डळमळीला 'अ‍ॅनालॉगचा आत्मा' म्हणणारे भेटतात. ते मानू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या धारकतेत (मायक्रोफॅरडच्या आकड्यात) २० टक्के फरक सहज असतो. ६९चे ५५ किंवा ८३ होतात ते त्यामुळे.

ट्रिगरसाठी मेक नॉइझ कंपनीचं मॅथ्स हे मॉड्युल सोयीचं. ट्रिगर मिळाला की त्याचा व्होल्टेज चढतो (राइज) आणि मग उतरतो (फॉल). ट्रिगर पहिल्या चॅनेलच्या ट्रिगर इनपुटला द्या आणि 'एंड ऑफ राइज'मधून (चढण संपताच सुरू होणाऱ्या आउटपुटमधून) गेट घ्या. राइजचा नॉब उशीर ठरवतो, फॉलचा नॉब गेटची लांबी. राइज चालू असताना आलेला ट्रिगर ते ऐकतच नाही. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) सोळांश ठोके, म्हणजे मात्रेचे चतुर्थांश, १२५ मिलिसेकंदांनी पडतात. राइज १५० मिलिसेकंद आणि फॉल १००च्या आत असेल, तर दर दुसरा ठोका गिळला जातो.

आता व्हायब्रेटो, म्हणजे स्वराचा कंप. तो सूर लागल्यावर जरा उशिराने सुरू करायचा. उशिराचा गेट एन्व्हलपला (गेट मिळाल्यावर हळूहळू चढणारा व्होल्टेज देणारा घटक) द्या, अटॅक, म्हणजे चढायचा वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवा आणि त्या एन्व्हलपने व्हीसीए (व्होल्टेजने कमी-जास्त होणारा अ‍ॅम्प्लिफायर) उघडा. व्हीसीएत ५-६ हर्ट्झचा एलएफओ (संथ लहरी देणारा ऑसिलेटर) सोडा आणि बाहेर येणारा व्होल्टेज अटेन्युएटरमधून (व्होल्टेज कमी करणाऱ्या घटकातून) सूर देणाऱ्या ऑसिलेटरच्या पिचला जोडा. १ व्होल्टला एक सप्तक, म्हणजे अर्धस्वराला ८३ मिलिव्होल्ट. कंपाला दोन्ही बाजूंना २० मिलिव्होल्ट पुरतात. अटेन्युएटर विसरलात तर सायरन वाजेल. व्हीसीए डीसी-कपल्डच (स्थिर आणि संथ व्होल्टेजही जाऊ देणारा) घ्या. नुसत्या आवाजासाठी बनवलेल्या एसी-कपल्ड व्हीसीएत इतका संथ व्होल्टेज अडकून पडतो.