शाळा खाली सोपवली, पण पैशांचं काय?

शाळांचा कारभार राजधानीतून काढून खाली द्या, हे 1980 नंतर बऱ्याच देशांनी मनावर घेतलं, आणि त्यात चूक काही नाही, मास्तर वर्गावर येतात की नाही हे मंत्र्याच्या आधी पालकांनाच कळणार ना. पण कारभार वेगळा आणि पैसा वेगळा, घोळ होतो तो इथेच.

अमेरिकेत शाळा पहिल्यापासूनच लोकल, खर्चाचा मोठा वाटा घरपट्टीतून. टेक्सासच्या सॅन अँटोनियोमध्ये 1967-68 साली एजवुड या गरीब स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे शाळा चालवणारा आणि त्यासाठी कर लावणारा स्थानिक विभाग) दर 100 डॉलरच्या मालमत्तेवर 1.05 डॉलर कर लावला तर मुलामागे जमले 26 डॉलर, आणि श्रीमंत अलामो हाइट्सने 85 सेंटच लावले तरी 333! जास्त दराने कर भरायचा आणि हातात चिल्लर. पालक कोर्टात गेले, 1973 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी म्हटलं की यात घटनेचा भंग नाही. मला काही हा निकाल पटत नाही, पण असो.

अर्जेंटिनाने 1992 पासून केंद्राच्या माध्यमिक शाळा प्रांतांकडे दिल्या. संशोधकांनी नंतर परीक्षांचे मार्क तपासले तर सुधारणा दिसली, पण गरीब भागातल्या शाळांच्या वाट्याला ती आलीच नाही.

बरं, पैसे वरून पाठवले तर? युगांडात 1991 ते 1995 या काळात सरकार प्राथमिक शाळांना दर मुलामागे ग्रँट पाठवत होतं. 250 शाळांचे हिशोब तपासले तेव्हा कळलं की सरासरी 13 टक्केच पोचलेत, निम्म्याहून जास्त शाळांना तर दमडीही नाही, बाकीचे मधल्या जिल्हा ऑफिसांनीच वळवले. मग कुठल्या जिल्ह्याला किती पाठवले ते पेपरात छापायला लागले, शाळेच्या दारावरही आकडे लावायला लावले, आणि 2001 पर्यंत 80 टक्क्यांच्या वर पैसे पोचायला लागले (सगळं क्रेडिट पेपरला देऊ नका, त्याच काळात बाकीचेही बदल झाले होते).

मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते ब्राझीलचं. शाळा राज्य आणि नगरपालिकांकडेच, पण 1998 पासून त्यांच्या ठराविक करांतला हिस्सा राज्याच्या एका फंडात जातो आणि पटसंख्येप्रमाणे परत वाटला जातो, म्हणजे पालिका गरीब असली तरी पोरांचा वाटा बुडत नाही. अडचण एवढीच की फंड राज्यापुरता, मुळात राज्यच गरीब असेल तर काय वाटणार, म्हणून 2020 मध्ये घटनादुरुस्ती करून या फंडांत राज्यं आणि पालिका टाकतात त्यावर केंद्राची भर 10 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 23 टक्क्यांवर न्यायचं ठरलं.